हुमणी लागलेला माळ

२८ जुलै २००३, सोमवार

आणि वर म्हणे रोज लिहून ठेवा. म्हणजे झाडायचं मी, गवत कापायचं मी, कुंड्या उचलायच्या मी, आणि संध्याकाळी शाळेतल्या पोरासारखं वहीत पण मीच लिहायचं. रावजीदादाने सांगितलं होतं, बसून खायचं काम हाय आवडे, बंगला राखायचा नि झोपायचं. दादाच्या बोलण्यावर मी पोतं-गाठोडं बांधून निघाले, ही माझीच अक्कल.

मी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली बाई. सही येते, एसटीची पाटी वाचता येते. अमिता मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या जसं बोलता तसं लिहा, मी मुंबईहून महिन्यातून एकदा येणार, मला कळायला हवं बागेत काय चाललंय. बरं बाई. लिहिते.

खोटं कशाला बोलू, खोली झकास हाय. फरशी, ट्यूब, पंखा, संडास आतच. नळ सोडला की पाणी. नीलेशच्या मुंबईच्या खोलीत चार माणसं होती, पाचवी मी, पाय पसरायचे तर सुनेला विचारून. इथे मी काल आडवी-तिडवी झोपले. खिडकीतून अख्खी दरी दिसते, खाली पोलादपूर, ढग सरकला की नदीचा एक तुकडा. चहा घेऊन तिथे बसले तर वाटलं, आता मरेपर्यंत इथून हलायचं नाय.

माझं माहेर इथून हाकेवर, पलीकडच्या वाडीत. दादा तिथेच राहतो, हा माळ त्यानेच मॅडमना मिळवून दिला. पण मी स्वतः या माळावर आयुष्यात पहिल्यांदा आले. लहानपणी आम्हा पोरींना इकडे गवताला पण पाठवत नसत. वाघरू हाय म्हणायचे. मग लग्न होऊन महाडच्या बाजूला गेले ते गेलेच.

आता लॉन. बंगल्यापुढे मोठा सपाट तुकडा, त्यात गवत. पुण्याकडून ट्रकात आणलं, मातीसकट, चटईसारखं गुंडाळून. आमच्याकडे पावसात कौलावर पण गवत उगवतं, ते उपटायला माणूस लावतात. यांनी विकत आणलं. त्यावर गुरं सोडायची नायत, चप्पल घालून चालायचं नाय. मग त्याचं करायचं काय, विचारलं. बघायचं, म्हणाल्या.

लॉनच्या कडेने धोंडे लावलेत. गुळगुळीत, नारळाएवढे, एक चुन्याचा एक गेरूचा असे रंगवलेले. लॉन लावणाऱ्या माणसाला माळ सपाट करताना इथेच सापडले म्हणे. एक रंगवायचा राहिलेला नळापाशी पडला होता. हातात बरोबर बसला. लसूण ठेचायला घरात घेतला. मॅडमनी वरवंटा ठेवला नाय, मिक्सर ठेवलाय, आणि लाईट सारखी जाते.

४ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी लॉनवर पिवळे डाग दिसले. वाटलं पाणी साचलं. पण उतार चांगला हाय. शनिवारी पंचमी होती, जमिनीला हात लावायचा नव्हता, म्हणून काल एका डागाला धरून ओढलं. गवत मुळं सोडून हातात आलं. गोधडी उचलावी तसं. आणि खाली बघते तर किडे.

पांढरे, गलेलठ्ठ, अंगठ्याएवढे. डोकं तपकिरी. सगळे वाकडे होऊन निजलेले, गुडघे पोटाशी घ्यावे तसे. उजेड लागला तशी हळू हळू चुळबूळ. मला किड्यांची शिसारी येत नाय, शेणात हात घालून वाढलेली मी. पण हे बघून हात मागे घेतला. का ते सांगता येणार नाय.

एक डबीत घालून आज महाडला गेले. बाजारात गनीभाईंचं बी-बियाणाचं दुकान हाय, सासरची भातशेती होती तेव्हापासूनची ओळख. त्यांनी डबी उघडली नि लगेच बंद केली. म्हणाले हुमणी. मूळ खाते. हिचेच पुढे भुंगेरे होतात, ते वर येऊन पाला खातात. आपल्या डोंगरावर अशी नव्हती, गवताच्या मातीतून आली असणार. मग त्यांना हसू आलं. "आवडीबाई, लोकं गवत मारायचं औषध नेतात. तुम्ही पहिल्या, गवत जगवायला आलात."

मी म्हटलं माझं नाय ते गवत, तुम्ही औषध द्या. दाणेदार औषध दिलं, हाताला फडकं बांधून टाकायचं. आणि सांगितलं की सगळ्यात बरं म्हणजे वेचायचे, रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे. भुंगेरे यायचे ते वळवाच्या पावसानंतर, ते आता संपले. आता फक्त खालचे.

७ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस तेच. गवत उचल, वेच, डब्यात टाक. डबा भरला की गटारापलीकडे ओत. कंबर गेली, पण काम झालं. मॅडम, वाचताय ना, तुमच्या लॉनसाठी माझी कंबर गेली.

दादाला सांगितलं कोंबड्या घेऊन ये, फुकटचं खाणं हाय. शेतात नांगरामागे हुमणी निघाली की कोंबड्या एकमेकींच्या अंगावर पडतात. त्याने टोपलीतून आणल्या. मी लॉनवर सोडल्या, पुढ्यात मूठभर किडे टाकले. कोंबड्या मान वाकडी करून बघत राहिल्या. एकीने पण चोच घातली नाय. मग तुरुतुरु सगळ्या फाटकाकडे, दादाच्या पायात.

दादा फाटकाच्या आत आलाच नाय. म्हटलं ये, चहा घे. म्हणाला पायाला चिखल हाय. त्याच्या पायाला चिखल नव्हता. मी म्हटलं एवढा माळ विकून मोठा झालास, बहिणीच्या हातचा चहा नको काय. तर टोपली उचलून चालायला लागला. बंगल्याच्या मागे जवळची वाट हाय, ती सोडून कुंपणाबाहेरून लांबून गेला.

१३ ऑगस्ट, बुधवार

औषध टाकलं, वेचलं, तरी डाग नवे येतायत. एक गोष्ट लिहून ठेवते, मॅडमनी लॉनवाल्याला विचारावी. डाग सगळे सारखे हायत. गोल नाय, लांबट. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माझा हात ठेवला तर बरोबर बसतो. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. वरून खिडकीतून बघितलं तर वाळत घातलेली दुपटी दिसावीत तसे.

दुसरं. दिवेलागणीला भुंगेरे येतात. गनीभाई म्हणाले होते हंगाम संपला. इथे जमिनीतून वर येतात, आधी आवाज येतो. भुणभुण. बारीक, खालून. मग गवत हलतं आणि वर येतात, तांबडे, चकचकीत. मोगऱ्याची पानं दोन दिवसांत चाळणी झाली. गुलाबाच्या कळ्या गेल्या. मी बल्ब लावून खाली परातीत रॉकेलचं पाणी ठेवलं. सकाळी बघते तर परातीत पाखरं, चिलटं. भुंगेरा एक नाय.

ते माझ्याकडे येतात. मी पायरीवर बसले की चोळीवर येऊन बसतात. चावत नायत. झटकलं की परत तिथेच.

आणि लसणाचा धोंडा सकाळी कोमट लागतो. चुलीजवळ नसतो, खिडकीत असतो. ऊन तर या महिन्यात बघितलंच नाय.

१८ ऑगस्ट, सोमवार

हे लिहावं की नाय. मॅडम बाई हायत, लिहिते.

चार दिवस चोळी पुढून ओली होतेय. आधी वाटलं पावसाने, मग वाटलं घाम. काल वास घेतला. माझं वय सेहेचाळीस. नीलेश पंचविशीचा. त्याने अंगावरचं सोडल्याला किती वर्षं झाली, त्याला पण आठवणार नाय.

दूध हाय.

दिवेलागणीलाच येतं. भुणभुण सुरू झाली की छाती दाटून येते, दगडासारखी. मग आपोआप. मी चिडून न्हाणीत गेले, पिळून टाकलं, थंड पाणी मारलं. बाहेर आले तर परत. भुंगेरे दाराच्या जाळीला चिकटून बसलेले, जाळी काळी झाली होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पोलादपूरला डॉक्टरकडे गेले. पोरगीच हाय, नवी. घरात लहान मूल हाय काय विचारलं. म्हटलं घरात मी आणि किडे. ती हसली नाय. या वयात काही बायांना होतं म्हणाली, रक्त तपासा, महाडला जावं लागेल. गोळ्या दिल्या. पोलादपुरात असेपर्यंत अंग अगदी कोरडं होतं. मला वाटलं बाईच्या डोक्यात मी खोटारडी बसली असणार.

एसटीतून उतरून चढ चढले, फाटक दिसलं आणि पदर भिजला.

२३ ऑगस्ट, शनिवार

मॅडम आल्या होत्या. लॉन बघून रडायच्या बाकी होत्या. तुम्ही करताय काय इथे, म्हणाल्या. मी म्हटलं वाचा वही. त्यांनी वही चाळली, दुधाच्या पानावर थांबल्या, आणि वही मिटून म्हणाल्या, आवडीताई, तुम्हाला सुट्टी हवी असली तर तसं सांगा.

गाडीतून लॉनवाला जितेश पण आला होता. त्याने चार ठिकाणी गवत उचकटलं. म्हणाला औषधाने भागणार नाही, किडा खोल गेलाय. पाऊस ओसरला की मशीन आणायचं, दोन फूट माती सगळी काढायची, दरीत टाकायची. मग नवी माती, नवं लॉन. तारीख धरली, २६ सप्टेंबर, शुक्रवार. मला बरं वाटलं. म्हटलं जाऊ दे एकदाची ब्याद दरीत.

६ सप्टेंबर, शनिवार

गौरी-गणपती झाले. वाडीत दादाकडे जेवले, तेवढे दिवस बरी होते. परत आले आणि पहिल्या संध्याकाळीच गादी भिजली.

म्हणून आज गोदूबाईला बोलावलं. वाडीतली जुनी सुईण, आता कमरेत वाकलीय. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्या हातची. म्हटलं गोळ्यांनी काय होत नाय, तुझा उपाय सांग. ती म्हणाली मोगऱ्याची फुलं छातीला बांध, दूध आटतं. मी म्हटलं मोगरा होता, भुंग्यांनी खाल्ला. तिला मागच्या दाराने आणलं, पुढून यायला तयार नव्हती. स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला, आणि बोलता बोलता लसूण ठेचायला घेतला.

गोदूबाईने कप खाली ठेवला. तो कुठून आणलास, विचारलं. म्हटलं इथलाच, माळावरचा, बाहेर ढीगभर हायत रंगवलेले.

तिने तो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला. मग म्हणाली, "गो आवडे, नदीतला धोंडा डोंगरावर आपल्या पायाने येत नाय."

मग सांगितलं. आजूबाजूच्या तिन्ही वाड्यांचा हा माळ. दात यायच्या आधी जी पोरं जातात त्यांना जाळत नायत, पुरतात. ती इथे. बाप खाली सावित्री नदीवर जाऊन एक धोंडा घेऊन येतो, खांद्यावरून, वाटेत खाली टेकवायचा नाय. एका पोराला एक धोंडा. वर ठेवायचा, म्हणजे कोल्हं उकरत नाय, आणि जागा कळते. आईला जागा सांगायची नसते. सांगितली तर आई तिथे जाऊन बसते, पान्हा आटत नाय, पुढचं पोर टिकत नाय. म्हणून पोरींना पण लहानपणापासून इकडे फिरकू देत नायत.

मी विचारलं वाघरू?

म्हणाली कसलं वाघरू.

मी लसूण तसाच ठेवून उठले. तीच बोलली. तुझा बा आणि रावजी याच वाटेने आले होते, म्हणाली. तुझा नवरा पोचला नव्हता, म्हणून धोंडा रावजीने आणला.

मुलगी होती. पाचवी पुजली होती, बारसं व्हायचं होतं. पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली मी. सकाळी उठले तर गार. माझ्या कुशीतून दादाने उचलली, धडुत्यात गुंडाळली. मी विचारलं कुठे नेतोस, तर बा म्हणाला गप पड. त्यानंतर कोणी बोललं नाय आणि मी पण विचारलं नाय. नीलेश झाला. दिवस गेले.

मी असल्याच एका धोंड्याने लसूण ठेचलाय महिनाभर. तिच्या नाय तर दुसरीच्या.

८ सप्टेंबर, सोमवार

दादाकडे गेले. सरळ विचारलं. वहिनी बाहेर गेली आपणहून.

आधी म्हणाला ओढ्याच्या अंगाला, लॉनच्या पण खाली, तिथे मशीन लागलं नाय. मी म्हटलं चल दाखव. तर म्हणाला ओढ्याला नाय, वरच्या कोपऱ्यात, जिथे आता टाकी हाय. म्हटलं एक काय ते बोल. तर विडी शोधायला लागला.

म्हटलं तुला ठावं होतं ना माळ विकताना. म्हणाला किती वर्षांत कोणी पुरलं नाय तिथे, आता पोरं दवाखान्यात होतात, जगतात. जागा पडून होती. म्हटलं आणि मला तिथेच राखणीला ठेवलंस. तर म्हणाला, तुझी सोय बघितली.

दारात आले तेव्हा मागून बोलला. "बा म्हणाला होता, ठेवलास की मागे बघू नको. मी बघितलं नाय गो आवडे."

पन्नाशीचा माणूस, रडत होता. मला दया आली नाय. अजून येत नाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

धोंड्यांचा रंग खरवडतेय. विळीने, नखांनी. वाटलं एखाद्यावर काय खूण असेल. नाय. सगळे सारखे. धुऊन लॉनवर परत मांडले, एकेका डागावर एकेक. कुठला कुणाचा कोण सांगणार. माळ सपाट करताना जितेशच्या माणसांनी उचलून कडेला लावले होते, लाईन सरळ दिसावी म्हणून.

लसणाचा मी सगळ्यात आधी ठेवला. दहा वेळा धुतला, वास जात नाय.

आज पितृपक्ष लागला. वाडीत ज्याचं त्याचं पान वाढतील. ह्यांचं कोणी वाढत नाय. नावच ठेवलेलं नसतं, हाक कशी मारायची.

१४ सप्टेंबर, रविवार

रॉकेलचा डबा. किती वेळा भरला मी. भरून भरून ओतला.

मोजलं नव्हतं, बरं झालं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पोलादपूरला जाऊन मॅडमना फोन केला. म्हटलं मशीन आणू नका. का ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, रावजींनी जागा मोकळी आहे अशा कागदावर अंगठा दिलाय, आणि आवडीताई, तुम्ही दमलात, नीलेशला बोलावून घेऊ का. मी म्हटलं मला फक्त एक जागा पायजे, एवढीशी. त्या म्हणाल्या पुढच्या शुक्रवारी येतेय, तेव्हा बोलू.

शुक्रवारी काय बोलणार. शुक्रवारी सगळं दरीत.

संध्याकाळी लॉनवर बसले. पहिल्यांदाच. पायरीवरून खाली उतरले आणि बसले. भुणभुण थांबली. एकदम. रडतं पोर उचलून घेतल्यावर थांबतं तशी. मग बुडाखाली जमीन हलली, जरा. कुशीवर वळावं तेवढी.

मी उठले नाय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

परवा जिथे बसले होते तिथे चोळीतून गळलं होतं. आज तो डाग हिरवा. नुसता हिरवा नाय, कोवळा, पोपटी. बाकी सगळे पिवळे.

मग आज मुद्दाम. एकावर पिळलं. मनात धरून, की माझी असेल तर कळव—

सकाळी बघते.

१९ सप्टेंबर

हिरवा. मी धोंड्याला मिठी मारून बसले. सापडली म्हटलं. दुपारपर्यंत काय सुखात होते मी.

मग वाटलं बघू, शेजारच्यावर पण. खात्री.

२० सप्टेंबर

शेजारचा पण हिरवा.

त्याच्या पलीकडचा पण.

२१ सप्टेंबर, रविवार

दादा दूध घेऊन फाटकाशी येतो, किटली अडकवतो, पळतो. म्हशीचं दूध. मला दूध देतो. हाक मारली, आठवलं काय रे. मान हलवली, नाय.

अन्न पोटात राहत नाय. अक्षर बघा, ओळ सोडतंय. पण अंगाला दूध उतरतंय, कुठून उतरतंय कोण जाणे. जेवढं देते तेवढं वाढतं. ज्यांना नाय मिळालं ते भुणभुणतात. सगळ्यांना पुरत नाय. पुरायचं कसं. तीन वाड्या, आणि किती वर्षांचे.

२२ सप्टेंबर

आता दिवेलागणीला वर येतात. भुंगे नाय. ते खालचे. पांढरे. पाठीवर पडून सरकत येतात, पाय वर. गनीभाईंनी हे सांगितलं नव्हतं. पायरीपर्यंत येतात नि थांबतात. दार लावलं तर—

दार लावलं तर आवाज येतो. किड्याचा नाय.

नीलेशला पण मी ह्याच आवाजाने ओळखायची.

२३ सप्टेंबर

एकीने करंगळी धरली. खरं सांगते. हुमणीला कसली बोटं, मला कळतं. पण धरली.

गनीभाई येऊन गेले म्हणे, दादाने फाटकावरून परत पाठवले. बाईला बरं नाय म्हणाला.

मी बरी हाय. मी फक्त—

२४ सप्टेंबर, बुधवार

दादा, हे तुझ्यासाठी. वही पिशवीत घालून फाटकाच्या कडीला लावते, किटलीसोबत घेऊन जा. तुला वाचता येत नाय, सुनेकडून वाचून घे. लाजू नको, तिला पण पोरं हायत, तिला कळेल.

उद्या गुरुवार, अवस हाय. परवा मशीन. उद्या दिवे लागायच्या आत मला सांग कुठे ठेवलीस. आत येऊ नको, भीती वाटत असेल तर फाटकात उभा राहून नुसतं बोट दाखव. मागे बघितलं नाय म्हणतोस, पण पुढे तर बघितलंस ना. धोंडा ठेवताना हात कुठे होता तुझा. झाड कुठल्या बाजूला, डोंगर कुठल्या. आठव. हाताला आठवतं, डोळ्याला नाय आठवलं तरी.

एक जागा सांग. मी तेवढीच पाटीभर माती उचलते, तिचा धोंडा घेते आणि जाते. मागे बघणार नाय, कान झाकून उतरेन, सरळ नदीपर्यंत. बाकीच्यांचं ज्याचं त्याने बघावं. त्यांना पण आया होत्या.

पण नाय सांगितलंस तर मला कुठली माझी ते ठावं नाय. आणि हे तर सगळे माझ्याकडेच—

अंधारायला लागलं. आले. पायरी चढायला लागले, काल चढत नव्हते. थांबा. थांबा रे, येते. ढकलू नका एकमेकांना, एकेक—

दादा, उद्या. दिवेलागणीच्या आत. ऐकतोस ना. नायतर मी दार उघडं टाकून सगळ्यांनाच माझी म्हणून